उतारा कोणाच्या नावे?

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात वेदगंगा व दूधगंगा यांस महापूर येऊन निपाणी भागातील कित्येक घरे पडली. पूर्ण पडलेल्या घरास कर्नाटक सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले. अशा वेळी घर कोणाच्या नावे, हा प्रश्न येतोच. वडील निवर्तले, उतारा मात्र अद्याप त्यांच्याच नावे, अशी कुटुंबे आपल्यांत थोडी नाहीत.

चर्चमधील दफनाची नोंद येथे पुरेशी नव्हे. मृत्यू २१ दिवसांत सरकारदरबारी नोंदवावा. जमिनीच्या वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यान्वये ख्रिस्ती विधवेस एकतृतीयांश व उर्वरित मुलामुलींस समान मिळते. म्हणून बहिणीचे नाव गाळू नये.

पावसाळ्यापूर्वी हे कागद पाहून ठेवणे, हीही कुटुंबावरील प्रीतीच होय, असे आम्हांस वाटते.