गाडीवर असताना फोनलाच गप्प बसवा

नवीन जालन्यातल्या आपल्या वस्त्यांमधून रोज सकाळी कितीतरी मोटारसायकली बाहेर पडतात. कोणी औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यावर जातो, कोणी मोंढ्यात हमालीला, कोणी घरोघर पार्सल पोचवायला. खिशातला फोन वाजला की हात आपोआप तिकडे जातो. कोणी मान वाकडी करून खांद्याशी फोन दाबतो, कोणी तो हेल्मेटमध्ये खोचतो.

ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. फोनवर कोणाचं नाव आलंय हे पाहायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात आपण 55 मीटर न पाहताच गेलेलो असतो. मध्ये एखादं लेकरू पळत आलं तर? जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो. कानात इअरफोन घातले म्हणजे काम भागलं, असंही नाही. हात मोकळे राहतात, पण लक्ष बोलण्यातच गुंततं.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत दर शंभरात 44 जण दुचाकीवरचे होते. घरातला कमावता हात गेला किंवा पाय कायमचा अधू झाला, तर सगळं घर कर्जात बुडतं.

हे आपल्याला कळत नाही असं नाही. तरी फोन उचलला जातो, कारण मनात धास्ती असते. मुकादमाचा फोन असेल, नाही उचलला तर आजची हजेरी दुसऱ्याला जाईल. घरी आईची तब्येत बिघडली असेल. ही धास्ती खोटी नाही. म्हणून नुसतं 'उचलू नका' म्हणून भागत नाही. आपण गाडीवर आहोत, हे समोरच्याला कळलं पाहिजे.

ही सोय फोनमध्येच करता येते. 2016 साली सॅमसंगने आपल्या देशातल्या दुचाकीस्वारांसाठी 'एस बाइक मोड' काढला. फोन करणाऱ्याला आपोआप ऐकू जायचं की हा माणूस गाडी चालवतोय. फार तातडीचं असेल तर एक नंबर दाबा. आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये अशी काही ना काही सोय असते.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' शोधा. मराठी फोनवर ते 'व्यत्यय आणू नका' असं दिसेल. ते चालू केलं की फोन वाजत नाही. त्यातच 'पुन्हा कॉल करणारे' यांना परवानगी द्या. म्हणजे त्याच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तरच घंटी वाजेल. आई, बायको, मुकादम असे दोन-तीन नंबर वेगळे ठेवायचे असतील, तर तेही जमतं. आयफोनमध्ये 'फोकस'खाली 'ड्रायव्हिंग' असतं. गाडी सुरू झाली की ते आपोआप चालू होईल असं ठेवता येतं आणि ते आपल्यातर्फे निरोपही पाठवतं. जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांगा, पाच मिनिटांत करून देईल. साधा बटणाचा फोन असेल तर आवाज बंद करून डिकीत टाका.

घंटी वाजलीच, तर आधी गाडी कडेला घेऊन थांबा, मगच बोला. कायद्याचंही लक्षात ठेवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातात फोन धरणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

राहिलेलं अर्धं काम घरच्यांचं आहे. माणूस घरून निघाला की 'कुठवर आलास?' म्हणून फोन करू नका. केलाच आणि 'गाडीवर आहे' असं ऐकू आलं, तर लगेच फोन ठेवा. खरंच अडचण असेल तरच दुसऱ्यांदा लावा. मुकादमालाही एकदा बसून सांगा की पोचल्यावर मी स्वतःच फोन करीन. आणि पोचल्यावर तो फोन आठवणीने कराच.