जुन्या लॅपटॉपची घरघर

बारामतीजवळच्या कन्हेरीसारख्या गावात रात्री निजानीज झाली की जुन्या लॅपटॉपची घरघर जास्तच जाणवते. म्हणून हार्ड डिस्क बदलताना बरेच जण कमी फेऱ्यांची डिस्क शोधतात. त्यात तथ्य आहे: मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, तर ५४०० म्हणजे ९०; फेऱ्या कमी, तसा गुंजारवही सहसा मंद. पण टकटक येते ती माहिती शोधत पुढेमागे सरकणाऱ्या वाचन-दांडीची, आणि ती मंद डिस्कमध्येही राहतेच. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: फिरणारा भागच नसलेली एसएसडी घ्यावी. जुन्या लॅपटॉपला तिचा वेग पेलणार नाही, हा आक्षेप अर्धाच खरा. साटा जोडणीची मर्यादा असते, पण ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला हवी ती जागा वाचन-दांडीखाली येण्यासाठीच सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. एसएसडीत ही वाट पाहणे जवळजवळ संपते, आणि जुन्या यंत्राला खरा फायदा तिथेच होतो. शिवाय बारामती-इंदापूर पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, आणि लॅपटॉपच्या आत त्याहून जास्त तापते. लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्कची तापमान-मर्यादा ६० अंश, एसएसडीची साधारण ७०. जास्त साठ्याला ती महाग पडते, हे मात्र मान्य. मग फोटो-व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर ठेवावेत. एसएसडी नादुरुस्त झाली तर माहिती परत मिळवणे अवघड, म्हणून दुसरी प्रत हवीच. खरेदीआधी जोडणी साटा आहे की जुनी आयडीई, हे नक्की तपासा. आणि आवाज पंख्याचा असेल, तर डिस्क बदलण्याआधी त्यातली धूळ काढा.