कोरडवाहू कापूस आणि संशोधनाचे सातत्य

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिके प्रामुख्याने पावसाच्या भरवशावर घेतली जातात, त्यामुळे बियाणे किंवा कीडनियंत्रण यांतील एखादी चूक शेतकऱ्याचे वर्षभराचे गणित बिघडवू शकते. ही जोखीम कमी करण्याचे काम कृषी संशोधन करते; मात्र त्यासाठी सरकारी निधी अखंड मिळावा लागतो.

त्याचे कारण संशोधनाच्या कालावधीत आहे. नवे वाण तयार करताना दोन वाणांचा संकर करून त्याच्या संततीतून निवड करावी लागते, निवडलेले वाण निरनिराळ्या ठिकाणी सलग काही हंगाम तपासावे लागते आणि त्यानंतर पैदासकार, पायाभूत व प्रमाणित या टप्प्यांनी बियाणे वाढवावे लागते. कोरडवाहू कापसाचा हंगाम वर्षातून एकदाच येत असल्याने या साऱ्या कामाला सुमारे दहा वर्षे लागतात, आणि मध्येच निधी आटला तर निवडीची साखळी तुटून आधीचा खर्चही वाया जातो.

हाती आलेले यश टिकवण्यासाठीही संशोधन लागते. भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसात मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असल्याने झाडातच बोंडअळीला मारक प्रथिन तयार होते. परंतु गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद न देण्याची क्षमता कमावली आणि २०१७ साली यवतमाळसह विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला. कामगंध सापळ्यांनी पतंगांवर नजर ठेवणे, हंगाम संपल्यावर फरदड, म्हणजे त्याच झाडांपासून पुढे लांबवलेले पीक, न घेणे आणि लवकर येणारे वाण निवडणे, हे उपाय त्यावर सुचवले जातात. यांतील फरदड टाळण्याच्या सल्ल्यातून कोणत्याही कंपनीला विक्री मिळत नाही, आणि ज्याचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते अशा सरळ वाणातही खासगी गुंतवणूकदाराला फारसा रस नसतो. त्यामुळे ही जबाबदारी अकोल्याचे १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांसारख्या सार्वजनिक संस्थांवर येते.

म्हणून उद्रेक झाल्यावर नुकसानभरपाई देण्याइतकेच महत्त्व, उद्रेक नसलेल्या वर्षीही शास्त्रज्ञांची पदे भरलेली आणि प्रयोगक्षेत्रे चालू ठेवण्याला दिले पाहिजे. अंदाजपत्रक दरवर्षी मांडले जात असले, तरी संशोधनाची तरतूद एका वाणाच्या निर्मितीला पुरेल इतक्या मुदतीसाठी निश्चित केली, तरच कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा खरा लाभ मिळेल.