मुंबईची खरेदी आणि लॉजचा हिशेब

ईद, लग्नसराई किंवा शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले की मिरज, सोलापूर, मालेगाव, नांदेड, रत्नागिरी अशा गावांतील आपले छोटे दुकानदार आणि कारागीर मालासाठी मुंबईची वाट धरतात. कोणाला बांगड्या-कटलरी हवी असते, कोणाला कापड, कोणाला यंत्राचे सुटे भाग, तर कोणाला चामडे. डझनामागे दोन रुपये कमी व्हावेत म्हणून ही मंडळी चार दुकाने फिरतात. मात्र रात्री राहायचे कोठे, हा विचार बहुतेकांच्या मनात गाडीतून उतरल्यावर येतो. मग स्टेशनबाहेर भेटलेला दलाल नेईल ते लॉज आणि तो सांगेल ते भाडे. दिवसभर घासाघीस करून वाचवलेले पैसे असे एका रात्रीत निघून जातात.

आमच्या मते मुक्काम हा खरेदीचाच एक भाग आहे. हमाली आणि वाहतूक आपण जशी मालाच्या किमतीत धरतो, तसेच लॉजचे भाडेही धरले पाहिजे. म्हणून स्वस्त लॉज कोणते, हा प्रश्न पुरेसा नाही. या खरेदीत एकूण किती भाडी भरावी लागतील आणि त्यातून नफा किती उरेल, हे पाहावे. याच दृष्टीने काही गोष्टी येथे मांडत आहोत.

आधी वार ठरवा

मुंबईतील घाऊक बाजार एकाच दिवशी बंद नसतात. मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट हा भाग साधारणतः रविवारी बंद असतो. लोहार चाळीतील विजेच्या सामानाचे आणि नागदेवी स्ट्रीटवरील हत्यारे व यंत्रसामग्रीचे व्यापारीही बहुधा रविवारीच सुटी घेतात. याउलट चोर बाजारातील मटण स्ट्रीटची नेहमीची दुकाने शुक्रवारी बंद असतात. त्याच दिवशी पहाटे तेथे जुन्या वस्तूंचा जुमा बाजार भरतो. जुनी हत्यारे आणि सुटे भाग शोधणाऱ्या कारागिरांना तो उपयोगी पडतो.

रविवारी सकाळी मुंबईत उतरणारा कापड दुकानदार एक दिवस फुकट घालवतो आणि त्या दिवसाचे भाडेही भरतो. ज्यांच्याकडून माल घेतो, त्या पेढीला दोन दिवस आधी फोन करून ‘दुकान उघडे आहे ना, माल आला आहे ना’ एवढे विचारले तरी हा खर्च टळतो.

लॉजची गरज आहे का, हेही पाहावे. मनमाडहून सकाळी निघणारी पंचवटी एक्सप्रेस दुपारच्या आत मुंबईत पोहोचते आणि संध्याकाळी परत निघते. मालेगावच्या व्यापाऱ्याचे काम दोन-तीन दुकानांचेच असेल, तर त्याला मुक्कामाची गरज नाही.

भाड्याचा दिवस केव्हा सुरू होतो?

सर्वांत जास्त पैसे जातात ते येथे. लॉजमध्ये भाड्याचा दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. दुसरी, आपण खोली घेतल्यापासून चोवीस तास. मिरजेची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, नांदेड-परभणीकडून येणारी देवगिरी या गाड्या रात्रभर धावून सकाळी सीएसएमटीला येतात. म्हणजे आपण बाराच्या कितीतरी आधी लॉजच्या दारात उभे असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, मिरजेचा एक कटलरी दुकानदार ४०,००० रुपयांचा माल घेणार आहे आणि त्यावर शेकडा १५ प्रमाणे त्याला ६,००० रुपये सुटणार आहेत. तो सोमवारी सकाळी उतरतो आणि मंगळवारी रात्रीच्या गाडीने परततो. लॉजचे भाडे १,२०० रुपये आणि पद्धत बारा ते बाराची. सोमवारी सकाळी आठला खोली घेतली, तर रविवार दुपारपासूनचे एक भाडे लागेल. सोमवार दुपार ते मंगळवार दुपार हे दुसरे. मंगळवारी रात्रीपर्यंत खोली ठेवली, तर तिसरे. काम दोन दिवसांचे, झोप एका रात्रीची आणि भाडे ३,६०० रुपये.

आता तोच दुकानदार सोमवारी सकाळी स्टेशनवरच तोंड धुऊन, अंघोळ करून बॅग क्लोकरूममध्ये ठेवतो आणि बाजार उघडताच कामाला लागतो. दुपारी बारानंतर तो खोली घेतो. मंगळवारी बाराच्या आत खोली सोडून बॅग लॉजच्या काउंटरवर ठेवतो आणि संध्याकाळी ती उचलून गाडी पकडतो. आता भाडे एकच, १,२०० रुपये. वाचलेले २,४०० रुपये म्हणजे त्याच्या नफ्याचे शेकडा ४० होतात. एवढी सूट त्याला कोणताही घाऊक व्यापारी देणार नाही.

चोवीस तासांच्या पद्धतीचे लॉज मिळाले तर सकाळीच खोली घ्यावी. तेथेही दुसऱ्या दिवशी वेळेवर खोली सोडून बॅग काउंटरवर ठेवता येते. मात्र ‘बॅग ठेवू देता का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का’ हे आधीच विचारावे. क्लोकरूममध्ये बॅग द्यायची तर तिला कुलूप हवे, हेही ध्यानात ठेवावे.

रेल्वेच्या विश्रांतीगृहांचाही विचार करावा. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून तेथील खोली किंवा डॉर्मिटरीतील खाट ४८ तासांपर्यंत घेता येते. जागा थोड्या असतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर पाहावे. मुंबई सेंट्रल येथे २०२१ मध्ये आणि सीएसएमटी येथे २०२२ मध्ये पॉड हॉटेलही सुरू झाले. एकट्या माणसाला काही तासांच्या विश्रांतीसाठी ती सोय आहे. भाडे आधी पाहून घ्यावे.

बाजाराजवळ की लांब?

क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड, मस्जिद बंदर, भेंडी बाजार या पट्ट्यातील लॉजचे भाडे उपनगरांपेक्षा सहसा जास्त असते आणि खोल्याही लहान असतात. पण मालाचे नमुने हातात घेऊन पायी खोलीवर येता येते आणि हलाल जेवण दाराशी मिळते. जामा मशीद, झकेरिया मशीद आणि मिनारा मशीद जवळ असल्याने जमाअतची नमाज चुकत नाही. लांबच्या लॉजमध्ये भाड्याचे चारशे रुपये वाचतील; पण टॅक्सीभाडे आणि जाण्यायेण्याचा वेळ त्यातून वजा करावा लागतो. ऑटोरिक्षा मुंबई शहर भागात येत नाहीत. वांद्रे आणि सायनच्या अलीकडे टॅक्सी, बस किंवा लोकल हाच मार्ग. सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये मोठी बॅग घेऊन चढणे कसे असते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको.

मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून हिशेब थोडा बदलला आहे. अंधेरी-मरोळकडून थेट काळबादेवी आणि सीएसएमटीपर्यंत येता येते. ज्यांचे काम दोन्हीकडे आहे, किंवा कुटुंब बरोबर असल्याने मोठी खोली हवी आहे, त्यांनी मेट्रो स्थानकाजवळचे लॉज पाहावे. ज्यांना दिवसातून दोनदा नमुने ठेवायला खोलीवर यावे लागते, त्यांनी बाजाराजवळच राहावे.

रमजानमध्ये मोहम्मद अली रोडचा भाग रात्रभर जागा असतो. सहरीची सोय उत्तम होते, पण झोप मिळणे कठीण. ईदच्या आधी खोल्या भरतात आणि भाडीही चढतात. ईदचा माल शक्यतो शाबानमध्येच उचलावा.

नाव ऐकून खोली नाकारली तर

हा विषय कडू आहे, पण टाळता येत नाही. फोनवर खोली आहे असे सांगितले जाते आणि काउंटरवर ओळखपत्र पुढे केले की ‘आत्ताच भरली’ असे उत्तर मिळते. हा अनुभव आपल्यातील अनेकांना आला आहे, आम्हालाही आला आहे. रात्री अकरा वाजता, बॅगेत लोकांचे पैसे असताना, अशा वेळी माणूस हतबल होतो.

प्रत्येक नकाराचे कारण तेच असते असे मात्र नाही. काही लॉज मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेल्या ग्राहकांना खोली देत नाहीत. भिवंडी-मुंब्र्याच्या बांधवांना याचा त्रास होतो. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. पण कारण केवळ धर्म असेल, तर ते आपल्या संविधानाच्या विरुद्ध आहे. कलम १५(२) मध्ये दुकाने आणि उपाहारगृहांबरोबर हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे प्रवेशास आडकाठी करता येत नाही.

कलम माहीत असावे, पण त्या रात्री अंगावर छप्परही हवे. म्हणून खोली आधीच ठरवावी. फोनवर पूर्ण नाव, गाव आणि ओळखपत्र कोणते हे सांगावे. तारीख, भाडे आणि वेळ लिहिलेला संदेश मोबाइलवर मागून घ्यावा. नकार यायचाच असेल तर तो घरी बसलेलो असताना यावा. पैसे घेऊन नंतर खोली नाकारली, तर तो संदेश आणि पैसे दिल्याची नोंद हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. वाद घालत बसण्यापेक्षा कागद जपणे अधिक उपयोगी ठरते.

पूर्वी अशा मुसाफिरांसाठी समाजातील धनिकांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना सर्वांना माहीत आहे. मुंबईहून जहाजाने हजला जाण्याची सोय १९९५ पर्यंत होती आणि तोपर्यंत अशा जागांना हाजींमुळे मोठे महत्त्व होते. आज आपल्या जिल्ह्यांतील व्यापारी मंडळांनी मुंबईतील चार-पाच विश्वासू लॉजशी बोलून सभासदांसाठी भाडे ठरवून घेतले, तरी मोठे काम होईल. वर्षभर नियमित ग्राहक मिळत असतील, तर लॉजवालेही भाडे कमी करतात.

पावती आणि पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे; त्यापूर्वी तो १२ टक्के होता. सांगितलेले भाडे करासह की कर वेगळा, हे विचारून घ्यावे. जीएसटी क्रमांक नसलेल्या लॉजला हा कर आकारता येत नाही. पावती दुकानाच्या नावाने मागावी आणि आपला जीएसटी क्रमांक असल्यास तो लिहून घ्यावा. ‘बिल नको असेल तर शंभर कमी’ या आमिषाला भुलू नये. पावती नसेल तर हा खर्च धंद्याच्या हिशेबात दाखवता येत नाही. माल घेतानाही लक्षात ठेवावे की एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरात तो खर्च सामान्यतः धरला जात नाही. बँकेतून किंवा यूपीआयने पैसे दिले तर खोलीत रोकड सांभाळण्याची काळजीही कमी होते.

इंटरनेटवर लॉजच्या नावाखाली भामट्यांचे फोन क्रमांकही दिसतात. आगाऊ रक्कम मागून ते गायब होतात. अनोळखी लॉजला पूर्ण रक्कम आधी देऊ नये. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असे कोणी म्हटले तर फोन ठेवून द्यावा. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही.

खोली ताब्यात घेण्यापूर्वी

भाडे देण्याआधी खोली पाहावी. खिडकी उघडते का, आतली कडी धड आहे का, पंखा चालतो का, पाणी केव्हा येते आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते, हे पाहावे. दारावर लावायला स्वतःचे कुलूप बरोबर असावे. जिना कोठे आहे आणि त्यावर सामान रचून वाट अडवली आहे का, हे जरूर पाहावे. आग लागली तर लिफ्ट उपयोगाची नसते.

आधार कार्डाची प्रत द्यायची झाल्यास शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार चालेल का, ते विचारावे. प्रतीवर तारीख आणि ‘लॉज नोंदीसाठी’ असे लिहावे. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक लॉज स्वीकारत नाहीत. भरतकाम, शिवणकाम करणाऱ्या भगिनी मालासाठी मुंबईला जात असतील, तर दोघी-तिघींनी मिळून जावे आणि रात्रभर काउंटरवर माणूस असणारे, कुटुंबांची ये-जा असलेले लॉज घ्यावे.

मालाचे गठ्ठे खोलीवर आणू नयेत. दुकानदाराकडूनच ते ट्रान्सपोर्टला द्यावेत आणि बिल्टी जपून ठेवावी. हातात फक्त नमुने आणि कागद असले की परतीचा प्रवास हलका होतो.

सफरीत कष्ट असतात आणि काम उरकताच मुसाफिराने आपल्या घरच्यांकडे परतावे, अशी शिकवण हदीसमधून आपल्याला मिळते. मुक्काम जेवढा गरजेचा तेवढाच ठेवणे, यात धंद्याचाही फायदा आहे. पुढच्या खरेदीला निघण्यापूर्वी एका कागदावर वार, गाडीची वेळ, खोली घेण्याची व सोडण्याची वेळ आणि एकूण भाडी लिहून काढावीत. दहा मिनिटांचे काम आहे; त्यातून वाचेल ती रक्कम हलाल कमाईचीच असेल, आणि अल्लाह त्यात बरकत देवो.