निष्ठेआधी हमी

मोठ्या कंपनीतली नोकरी आता टिकत नाही, याचं खापर हल्ली सर्रास तरुणांच्या माथी फुटतं. आजची पोरं दोन वर्षांत कंपनी बदलतात, मग कंपन्यांनी तरी त्यांना का सांभाळावं, असा हा हिशेब. आकडे मात्र वेगळं सांगतात. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिस स्वतःहून सोडणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्के होतं. जून २०२४ मध्ये ते १२.७ टक्क्यांवर आलं. टीसीएसमध्ये सप्टेंबर २०२२ ला हेच प्रमाण २१.५ टक्के होतं, तेही जून २०२४ पर्यंत १२.१ टक्क्यांवर उतरलं. दोन वर्षांत पिढी बदलत नाही. बदलला तो बाजार. कोविडनंतर कामं तुंबली, माणसांची ओढाताण झाली आणि बाहेर भरघोस पगारवाढ मिळू लागली, तेव्हा लोक गेले. मागणी ओसरली तशी तीच माणसं जागेवर थांबली. जाणं किंवा थांबणं हे समोर काय पर्याय आहेत, यावर ठरतं. त्यावरून कुणाच्या स्वभावाचा निवाडा करणं मला अन्यायाचं वाटतं.

पूर्वी मात्र सगळं पक्कं होतं, ही आठवणही अर्धीच खरी आहे. मुंबईतल्या कापड गिरण्या म्हणजे हक्काची नोकरी असं आपण मानतो; पण कायम कामगारांच्या बरोबरीने तिथे हजारो बदली कामगार राबत. पाळी सुरू होण्याआधी ते गेटवर येऊन थांबायचे. कुणाचा खाडा झाला तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं काम मिळायचं, नाहीतर तसंच खोलीवर परतायचं. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं गिरणगावात होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. ज्यांना कायम नोकरी मिळाली, त्यांना ती मालकाच्या मायेपोटी मिळाली नव्हती. तिच्यामागे संघटना होती, कायदा होता आणि विस्तारणारा धंदा होता. हे आधार ढासळले, की निष्ठा कितीही असो, नोकरी उरत नाही.

कंपनी तोट्यात गेली की कपात होते, हा आणखी एक समज. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होता, म्हणजे ज्यांनी कंपनीला अनेक वर्षं दिली त्यांच्यावर. त्याआधीच्या आर्थिक वर्षातला कंपनीचा निव्वळ नफा ४८ हजार कोटी रुपयांच्या वर होता. नव्या कामाशी कौशल्य जुळत नाही, असं कारण व्यवस्थापनाने दिलं. ते खरं धरलं, तरी कौशल्य वेळेवर बदलण्याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्याची कशी?

‘पर्मनंट’चं पत्र हातात आहे, कायदा वाचवेल, हा भरवसा सगळ्यात महागात पडतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण त्यातल्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला होतं. एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार त्याला मिळे. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा माणूस पूर्वीही या संरक्षणाबाहेर होता, आजही आहे. आयटीत तर प्रकरण बहुधा कपातीपर्यंत जातच नाही. एचआर केबिनमध्ये बोलावतं, समोर राजीनाम्याचा मसुदा ठेवतं आणि सही केली तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल असं सांगतं. पुढची नोकरी त्या कागदावर अवलंबून असल्याने माणूस सही करतो. राजीनामा स्वेच्छेचा ठरला की कपातीची भरपाई मागायला जागाच राहत नाही. एरवी हाच माणूस स्वतःहून जायचं म्हणाला असता, तर अनेक कंपन्यांत त्याला तीन महिन्यांची नोटीस भरावी लागली असती.

यावर आक्षेप असा, की धंद्याला लवचिकता लागते. काढणं अवघड केलं तर कुणी कायम घेणारच नाही. यात तथ्य आहे. पण ती लवचिकता उद्योगांनी आधीच मिळवली आहे: संघटित कारखान्यांतल्या कामगारांमध्ये कंत्राटींचा वाटा आता चाळीस टक्क्यांच्या वर गेला आहे, आणि ही वाढ मुख्यतः जुनी शंभरची मर्यादा असतानाच झाली. डेन्मार्कमध्ये माणसाला काढणं सोपं आहे, पण बेकारी विम्याच्या सभासदाला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. आपण त्यातला पहिला भाग घ्यायला निघालो आहोत. दुसऱ्याच्या नावाने ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे; ती सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त नव्वद दिवस देते, आणि ईएसआयसीची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये आहे. हिंजवडीत वीस वर्षांचं गृहकर्ज फेडणारा इंजिनिअर या योजनेत बसतच नाही.