फोटोतले हे बुजुर्ग कोण? जुना अल्बम असा वाचा

आपल्या भूम परिसरात अनेक घरांच्या पेटीत काळ्या जाड पानांचा एखादा अल्बम असतो. निम्मे चेहरे ओळखीचे, बाकीच्यांना 'असतील कुणी पाहुणे' म्हणत आपण पान उलटतो. पण त्यांची नावे अजून सापडू शकतात.

आधी फोटोची मागची बाजू पाहा. कोपऱ्यांत खोचलेला फोटो अलगद निघतो. डिंकाने चिकटवलेला मात्र ओढू नका, फाटेल. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे नाव-तारीख बहुधा उर्दूत असते. मराठी-इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुले इथेच अडतात. आकडेही फसवतात. उर्दूतला पाच मराठी शून्यासारखा वाटोळा दिसतो आणि उर्दूतले शून्य म्हणजे नुसता ठिपका!

मग सन. समजा, १३५७ लिहिले आहे. हा हिजरी असेल तर फोटो १९३८-३९ चा. पण संस्थानात फसली सनही चालायचा, तो ऑक्टोबरात सुरू व्हायचा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८ साल. फरक तब्बल दहा वर्षांचा! ओळखायचे कसे? महिना पाहा. रमजान, शव्वाल असेल तर हिजरी. आजूर, दै, बहमन असेल तर फसली.

ही दहा वर्षे आपल्याकडे फार महत्त्वाची आहेत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घेतले होते. त्या दिवसांत गेलेल्या एखाद्या तरुणाचा घरात उरलेला एकच फोटो असू शकतो. सन चुकला की तो त्याच्या थोरल्या भावाचा समजला जातो आणि त्याचे नाव कायमचे पुसले जाते.

त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज ८५ च्या पुढे आहेत. त्यांना विचारायला उशीर नको. फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवा. "हे दादाच ना?" असे विचारू नका, त्या "हो" म्हणून मोकळ्या होतात. निकाह कुणाचा होता, वाडा कुणाचा, शेजारी कोण बसलंय, असे विचारा. दादी, नानी, फुफी, खाला यांना जरूर विचारा; माहेरची माणसे त्याच ओळखतात. दोघींना वेगवेगळे विचारा. उत्तर जुळले तर नाव पक्के, नाही तर 'बहुतेक' असे लिहा.

बॉलपेन वापरू नका. मऊ पेन्सिलीने, मागे कडेला, हलक्या हाताने नाव, नाते, गाव आणि कुणी सांगितले ते लिहा. घरातले टोपणनावही लिहा, कारण पुष्कळांना तेच आठवते.

येत्या ईदला शीरखुर्मा झाला की अल्बम बाहेर काढा. उर्दू वाचणारे कुणीतरी जवळ बसवा आणि लिहायला मुलांना सांगा.