पुण्याचा पाहुणा पारशिवनीत: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडात उतरलेल्या अमेरिकन प्रवाशास पहिल्याच दिवशी जिना चढताना एक कोडे पडते: ज्यास तो जन्मभर पहिला मजला म्हणत आला तो तेथे तळमजला असतो आणि त्याचा दुसरा मजला तेथे पहिला ठरतो. भाषा एकच, शब्दही तेच, पण वहिवाट निराळी. असा अनुभव घेण्यासाठी मराठी माणसास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. पुण्याहून रेल्वेने नागपुरास यावे आणि तेथून उत्तरेकडे साधारण ४० किलोमीटरवरील पारशिवनीची वाट धरावी, म्हणजे पुरे. आमच्या घरी पुण्याकडील आप्त वर्षानुवर्षे येत आले आहेत, आणि त्यांच्या मनात या मुलखाविषयी जे समज रुजलेले आढळतात त्यांत दुष्टावा मुळीच नसला, तरी तथ्यही फारसे नसते, म्हणून त्यांतील प्रमुख समजांचा येथे परामर्श घेत आहे.

गैरसमज: पारशिवनी, नागपूर हे सारे वऱ्हाडच.

वस्तुस्थिती: वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि अलीकडे स्वतंत्र झालेला वाशीम, एवढाच पश्चिमेकडील प्रदेश. तो निजामाच्या मुलखाचा भाग होता आणि १८५३ च्या तहान्वये त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. नागपूर हे मात्र भोसल्यांचे राज्य. ते १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये नव्या मध्यप्रांतात गेले, आणि वऱ्हाड त्या प्रांतास जोडले गेले ते १९०३ मध्ये. नागपूरच्याही पूर्वेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडील झाडीपट्टी, तिची बोली निराळी आणि तिची नाट्यपरंपराही स्वतंत्र. या सर्वांस एकत्र संबोधायचे तर विदर्भ हे नाव आहे. परंतु नागपूरकरास वऱ्हाडी म्हणणे हे कोकणस्थ गावास खानदेशात नेऊन ठेवण्यासारखे आहे.

गैरसमज: येथील लोक तालुक्यास ‘तहसील’ आणि तलाठ्यास ‘पटवारी’ म्हणतात, ती हिंदीची लागण होय.

वस्तुस्थिती: तहसील हा शब्द अरबी-फारसीतून आला हे खरे, पण तालुका आणि मामलेदार हे शब्द तरी कोठून आले? त्यांचेही मूळ तेच. मुंबई इलाख्याच्या दप्तराने एक शब्द उचलला, मध्यप्रांताच्या दप्तराने दुसरा, आणि दोन्हीकडच्या रयतेने आपापल्या कचेरीत ऐकलेला शब्द घरी आणला. कारभाराची ही घडी साध्या शब्दांपुरती नव्हती. मुंबई इलाख्यात रयतवारी असता नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे सरकारसारा गोळा करून भरण्याची जबाबदारी आणि गावावरील मालकी मालगुजाराकडे असे. ती पद्धत १९५१ मध्ये संपुष्टात आली आणि मालगुजारांच्या ताब्यातील तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात जागोजाग भेटणारे ‘मामा तलाव’ कोणा मामाच्या स्मरणार्थ बांधलेले असावेत, अशी आमच्या पाहुण्यांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे एकत्र येऊन तो मामा जन्मास आला आहे.

गैरसमज: येथील मराठी अशुद्ध आहे.

वस्तुस्थिती: हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत क्लेशदायक, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. बोलण्याच्या शेवटी येणारा ‘जी’ ऐकून पाहुणा तो हिंदीतला ठरवून मोकळा होतो. परंतु मराठीचा आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केले ते वऱ्हाडातील रिद्धपुरी, आणि त्यातील भक्तजन चक्रधरस्वामींशी बोलताना पदोपदी ‘जी’ म्हणतात. जो शब्द परका म्हणून हिणवला जातो, तो मराठी गद्याच्या पहिल्या अंगणातला आहे. ‘मी जेवून राहिलो’ या प्रयोगाची गोष्टही अशीच: त्यात शेजारच्या हिंदीची छाया कोणास दिसली तर दिसो, पण ‘जेवून’ या रूपातील ‘ऊन’ हा प्रत्यय मराठीचा स्वतःचा आहे, आणि क्रिया अद्याप चालू आहे हे त्या प्रयोगाने जितके स्पष्ट होते तितके नुसत्या ‘जेवतो’ने होत नाही.

मग पुण्याची भाषा प्रमाण कशी ठरली? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, कँडीच्या हातून शालेय पुस्तकांची भाषा घडली, छापखाने आणि पाठशाळा मुंबई-पुण्यास उभ्या राहिल्या. आणि ही घडण सुरू झाली त्या काळी नागपूर भोसल्यांच्या राज्यात, म्हणजे मुंबई इलाख्याबाहेर, होते. प्रमाणभाषा सर्वांस उपयोगी आहे आणि तिचा आदर येथेही होतो, परंतु ती सोयीने ठरलेली आहे, शुद्धतेच्या परीक्षेत पहिली येऊन नव्हे. पुढे नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत द्वैभाषिक प्रांताची राजधानी राहिले. तेव्हा येथील मनुष्य हिंदी सहज बोलतो तो मराठी विसरल्यामुळे नव्हे, तर शेजार सांभाळल्यामुळे.

गैरसमज: विदर्भाचे जेवण म्हणजे केवळ जाळ, आणि धान्य म्हणजे ज्वारी.

वस्तुस्थिती: ज्या झणझणीत रश्श्यावरून हा निकाल दिला जातो तो सावजी रस्सा मूळचा नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातला, तो घरोघरचा नित्याचा आहार नव्हे. पेंचच्या कालव्यांखालील आमच्या या पट्ट्यात भात पिकतो, आणि गोळाभात, वडाभात यांवर वाढलेल्या पिढ्यांस ज्वारीचेच म्हणणे अपुरे आहे. खरी अडचण होते ती बाजारात. येथे सांबार म्हणजे कोथिंबीर, आलू म्हणजे बटाटा, फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग आणि भेदरे म्हणजे टोमॅटो. ‘सांबारवडी’ ऐकून इडलीची वाट पाहणाऱ्या पाहुण्यास कोथिंबिरीने भरलेली खमंग वडी मिळते, आणि त्याचा विरस फार काळ टिकत नाही.

गैरसमज: येथील लोक दुपारी आळसावतात आणि संध्याकाळी लवकर आवरतात.

वस्तुस्थिती: वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जात असता भर दुपारी रस्ता ओस ठेवणे यास आळस नव्हे, शहाणपण म्हणतात, त्याऐवजी शेतकऱ्याचा दिवस वावरात पहाटेच सुरू झालेला असतो. संध्याकाळचे कारण तर आकाशात आहे. नागपूर पुण्याच्या पूर्वेस सुमारे सव्वापाच रेखांश असल्यामुळे, घड्याळ एकच असूनही, सूर्य येथे सुमारे २० मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि दिवेलागणही त्याच बेताने पुण्याआधी होते.

गैरसमज एकाच बाजूचे असतात असे मात्र नाही. पुण्याच्या ‘अहो-जाहो’त आमच्याकडील कित्येकांस परकेपणा जाणवतो, आणि आमटीतील गूळ पाहून ते नाक मुरडतात. वस्तुतः ते ‘अहो’ आदराचे आहे, जसा आमचा ‘जी’ आदराचा. आणि चिंच-आमसुलाच्या आंबटपणास गुळाने तोलणे ही तेथील पाकशास्त्राची समज आहे.

भेद आणि दोष हे दोन निराळे पदार्थ आहेत, एवढेच मला सांगावयाचे आहे. दोन मुलखांचे दप्तर, दुष्काळ-सुकाळ आणि शेजारी शतकानुशतके निराळे राहिले, त्याची खूण बोलण्यात उरली. ती पुसण्याजोगी नसून वाचण्याजोगी आहे. गतवर्षी आमच्या एका पुणेकर मावशींनी पारशिवनीच्या बाजारात कोथिंबीर मागितली, तेव्हा भाजीवालीने क्षणभर विचार करून जुडी पुढे केली आणि विचारले, “तुमच्याकडे सांबाराले असं म्हणतेत का जी?” तिने मावशींचा शब्द दुरुस्त केला नाही, तिने तो शिकून घेतला. दोन्हीकडच्या सुशिक्षितांनी हा प्रश्न तिच्याकडून घ्यावा.